उणे अठरामध्ये ऐकलेला एक कोंकणी शब्द

नमस्कार मंडळी. इथले अनुभव मी दोन वर्षं नुसते वाचतोय, लिहायची ही पहिलीच वेळ. शिक्षण आठवीपर्यंत, तेही पुरतं नाही... तेव्हा चुका सांभाळून घ्या.

असल्या गोष्टी मानणारा मी माणूस नव्हे. माझं लहानपण चिऱ्याच्या खाणींच्या कडेला गेलं. बंद पडलेल्या खाणीत पाणी साचतं, आणि प्रत्येक पाण्यात कुणी ना कुणी 'दिसतं' म्हणून मोठी माणसं सांगायची. आम्ही पोरं दुपारी त्याच पाण्यात म्हशींसारखी डुंबायचो. इथलेसुद्धा कितीतरी अनुभव मी रूममधल्यांना मोठ्याने वाचून दाखवलेत आणि आम्ही हसलोय. ज्यांचे होते त्यांची आज माफी मागतो. आता माझ्यावरच आलंय, आणि कुणी हसलं तर मला बरंच वाटेल. हसून कुणीतरी सांगावं की परशुराम, हे असं असं झालं, यात काही नाही.

मी ओमानमध्ये सोहारजवळ एका गोदामात कामाला आहे. कंपनीचं नाव देत नाही. भाकरी त्यांची खातो. फ्रोझन माल... मासे, चिकन, मटार, बटाट्याचे काप. कंटेनर आला की आम्ही खोके उतरवायचे, लाकडी पॅलेटवर रचायचे आणि आत लावायचे. आत म्हणजे उणे अठरा. असे चार चेंबर आहेत. चौथा सर्वांत मोठा, आमच्या गावच्या शाळेचे सगळे वर्ग मावतील एवढा. दार जाड, सरकतं. दिव्याचं बटण बाहेर. मोबाइल आत न्यायचा नाही, तो लॉकरमध्ये.

आतून दार उघडायला एक हिरवी मूठ असते. ती ढकलली की बाहेरची खिट्टी सुटते. हे आम्हाला पहिल्याच दिवशी दाखवलेलं. तेवढंच दाखवलेलं. हे लक्षात ठेवा.

गेल्या वर्षीची गोष्ट, शुक्रवार. इथे शुक्रवार-शनिवार सुट्टी असते, पण सकाळी एक कंटेनर अडकला म्हणून आम्हा सहाजणांना बोलावलं. सकाळी अकराच्या सुमाराला काम आटोपलं. बाकीच्यांना नमाजाला जायचं होतं, गाडी बाहेर चालूच होती. तेवढ्यात मला आठवलं, स्टिकर मारायची बंदूक मी आतल्या रॅकवर विसरलोय. ती हरवली असती तर रविवारी माझ्या नावाने बोंब. म्हटलं दोन मिनिटांत आणतो. कुणाला सांगितलं नाही. जॅकेट अंगावर होतं, पण हातमोजे काढून ठेवलेले.

बंदूक घेतली, वळलो... आणि दार सरकल्याचा आवाज. पाठोपाठ दिवे गेले.

ज्याने बंद केलं त्याचा दोष नाही. त्याने आत हाक मारली म्हणे, पंख्यांच्या घरघरीत मला ऐकूच आली नाही. त्याला वाटलं मी गाडीत बसलोय. गाडीतल्यांना वाटलं मी गावच्या मित्राकडे गेलोय, कारण दर शुक्रवारी मी त्याच्या कॅम्पवर जेवायला जातो आणि तिथेच राहतो. म्हणजे मला शोधायला रविवार सकाळपर्यंत कोणीच नव्हतं. हे शेवटचं मला आत अंधारात उभं राहिल्या राहिल्या एका दमात समजलं. पण मूठ होती ना! चाचपडत दारापाशी आलो, मूठ ढकलली. आत गेली, पण खिट्टी सुटली नाही. परत ढकलली. तिसऱ्यांदा खांदा लावून जोर केला, तर मूठ तुटून हातात आली.

ती हातात घेऊन मी उभा. थंडीच्याही आधी लाज वाटली, खरं सांगतो... कंपनीची वस्तू मोडली म्हणून.

मग ओरडलो. लाथा मारल्या. त्या भिंतीत हातभर जाड फोम असतो, बाहेर काय जाणार! रॅकला हात लावत येरझाऱ्या घातल्या, उड्या मारल्या, बगलेत बोटं घातली. अंधार असा की डोळे मिटले काय अन् उघडले काय, एकच. मुलगी चार वर्षांची आहे माझी. बायकोला फोन जाईल तेव्हा कोण कुठल्या भाषेत सांगेल, हा एकच विचार डोक्यात फिरायला लागला. तिला हिंदीसुद्धा नीट येत नाही. कोणीतरी इंग्रजीत सांगणार आणि ती "हॅलो, हॅलो" करत राहणार...

किती वेळ गेला कळलं नाही. मी दाराजवळच्या भिंतीला टेकून बसलो होतो वाटतं, का उभाच होतो, ठाऊक नाही. थरथर थांबली होती. उलट बरं वाटायला लागलं, ऊब आल्यासारखं. जॅकेट नकोसं झालं. मी चेन खाली ओढायला लागलो, बोटं चालेनात तरी दोन तळव्यांत धरून ओढली. अर्धी उघडलीसुद्धा.

तेव्हा डाव्या बाजूने, खालून, माझ्या कमरेएवढ्या उंचीवरून कुणीतरी बोललं—

"ए डबी! दिंबी घाल मरे."

हळू, पण घाईने. चर्चमध्ये बोलायचं नसतं तेव्हा ओठ न हलवता बोलतात तसं.

आता इथे थांबून हे कोण डबी ते सांगायला हवं. 'मरे' म्हणजे कोंकणीत नुसतं 'अरे'.

आमचं मूळ गाव चंदगड तालुक्यात. बाबा चिरे काढायला गोव्यात आले, मी तेव्हा सात वर्षांचा. पेडण्याच्या अंगाला, हळर्णकडे जाणाऱ्या वाटेवर एक गाव आहे. काजूच्या बागेलगत एका किरिस्तांव म्हातारीने, पेद्रूने, आम्हाला खोली दिली. गावात किरिस्तांवांची वीसेक घरं, बाकी सगळे आपले. मधोमध कपेल, म्हणजे छोटं चर्च, आणि त्याला चिकटून सिस्टरांची शाळा. जवळची शाळा तीच, म्हणून माझं नाव तिथे.

मला कोंकणीचा एक शब्द कळत नव्हता. चौथीपर्यंत सगळं कोंकणीतच. वर्गात आम्ही तिघे-चौघे असे होतो, कोल्हापूरकडचे, बेळगावकडचे. आमच्या कानांनी काय काय घोटाळे केले! मे महिन्यात खुरसाकडे, म्हणजे वाटेवरच्या क्रुसाकडे, संध्याकाळी लादाईन व्हायची. सगळे मिळून लॅटिन प्रार्थना म्हणायचे, मग उकडलेले चणे आणि खोबऱ्याचे तुकडे वाटायचे. चण्यांसाठी आम्हीही जायचो. एकजण एकेक नाव घ्यायचा आणि बाकीच्यांनी म्हणायचं, "ओरा प्रो नोबिस." आम्हाला ते ऐकू यायचं, "वरण पुरे, नको बस." आम्ही तेच म्हणायचो, गळा काढून! मला वाटायचं हे लोक देवाला जेवायला वाढतात आणि देव पुरे पुरे म्हणतो. कुणी रागावलं नाही. म्हातारी पेद्रू तर म्हणायची, "म्हणूं दी रे, आवाज बरो आसा तांचो."

तर दिंबी. महिन्याच्या पहिल्या शुक्रवारी सगळ्या शाळेला कपेलात न्यायचे. माझी पहिलीच खेप. रांगेत उभे होतो आणि सिस्टर ब्रिजेट म्हणाल्या, "दिंबी घालात." कोंकणीत दिंबी घालणं म्हणजे गुडघे टेकणं. मला ऐकू आलं 'डबी'. डबी घाला. माझ्या दप्तरात ॲल्युमिनियमची डबी होती, आईने भाकरी आणि लसणाची चटणी दिलेली. सगळी मुलं खाली जाताना दिसली. मला वाटलं सगळे डब्या काढतायत. मी घाईघाईने माझी काढली आणि समोर फरशीवर ठेवली. खण्णकन. झाकण उडालं. सगळ्या कपेलात लसूण!

पाद्री प्रार्थना म्हणता म्हणता थांबले. सिस्टरांनी तोंडावर हात धरला, पण खांदे हलत होते. त्या दिवसापासून मी डबी. आठवीपर्यंत. परशुराम ही हाक फक्त हजेरीला.

माझ्या डाव्या बाजूला जासिंता बसायची. पोदेराची, म्हणजे पाव भाजणाऱ्याची मुलगी. अंगाने काडी, पण हुकूम असा सोडायची की मुलगेसुद्धा उठायचे. डबीच्या प्रकरणानंतर मला कपेलात वेळेवर गुडघ्यावर आणायचं काम तिने आपणहून अंगावर घेतलं. सिस्टरांनी आम्हा हिंदू मुलांना सांगितलं होतं, तुम्ही नुसतं शांत उभं राहिलं तरी चालेल. बरेच उभे राहायचे. मी नाही राहायचो. सगळे खाली आणि आपण एकटेच वर, ते मला भयंकर वाटायचं. आई विचारायची, "गुडघ्याला माती कशाची रे?" मी म्हणायचो लंगडी खेळलो.

आठवीत असताना खाणीवर कपची उडून बाबांचा डोळा गेला आणि मी शाळा सोडली. सिस्टर ब्रिजेट दोनदा घरी आल्या. बाबांशी बोलल्या, आईशी बोलल्या. मी दोन्ही वेळा काजूच्या बागेत लपून बसलो. मला हाका मारत होत्या, ऐकू येत होत्या. गेलो नाही. पुढे त्यांची बदली झाली. आज मी खोक्यावरची इंग्रजी लेबलं वाचतो, त्यावर घर चालतं. ते वाचायला त्यांनी शिकवलं. त्यांना एवढंसुद्धा सांगायचं राहिलं.

असो. परत आत येतो.

"ए डबी! दिंबी घाल मरे."

आवाज लहान मुलीचा. जासिंताचा. त्यात मला तेव्हा काही नवल वाटलं नाही, हेच आता सर्वांत विचित्र वाटतं. मला वाटलं, हां, उशीर झाला, सगळे खाली गेले असणार. आणि जॅकेट डाव्या बाजूने खालून ओढल्यासारखं झालं. झटका. दोनदा. मी गुडघे टेकायला गेलो, पण पाय वाकेनात, तोल गेला, आणि सावरायला डावा हात भिंतीकडे टाकला.

हाताखाली काहीतरी गोल आलं. वाटीएवढं. जमिनीपासून जेमतेम फूटभर. ते काय असेल असा विचारसुद्धा मी केला नाही. माझं सगळं वजन त्या हातावर आलं आणि ते गोल आत गेलं.

त्यानंतर काही आठवत नाही. थेट उजेड, आणि गेटवरचे बशीरचाचा. सिल्हटकडचे आहेत, साठीचे, दाढी लाल. मला बगलेत धरून ओढतायत आणि शिव्या घालतायत.

"अरे पागल! अंदर क्या शादी था तुम्हारा? छुट्टी का दिन मरने को आया?"

आणि लगेच रडायला लागले. स्वतःच्या अंगावरची शाल, गेटवरच्या खुर्चीची उशी, टेबलावरचा कपडा... हाताला लागेल ते माझ्यावर घालत होते.

मी आत गेलो तेव्हा अकरा-वीस झाले असतील. चाचांनी दार उघडलं तेव्हा एक-पंचवीस. ते जेवत होते, आणि चौथ्या चेंबरच्या वरचा भोंगा वाजायला लागला. त्यांना वाटलं लाइट गेली. हात धुऊन मग आले.

ते गोल म्हणजे काय ते मला हॉस्पिटलमध्ये समजलं. आत माणूस अडकला तर दाबायचं बटण. ते मुद्दाम खाली बसवतात, कारण तोपर्यंत माणूस उभा राहण्याच्या स्थितीत नसतो. त्यात लाल दिवा असतो, आमच्याकडचा तो गेलेला. मी तिथे कामाला लागलो तेव्हापासून त्याच्यापुढे पॅलेटची थप्पी होती. त्या सकाळी कंटेनरसाठी जागा करायला ती थप्पी सरकवली होती. मी नाही, दुसऱ्यांनी. तिथे बटण आहे हे मला माहीत नव्हतं. आम्हा सहाजणांपैकी कुणालाच माहीत नव्हतं, मी प्रत्येकाला विचारलंय.

डाव्या हाताच्या करंगळीचं टोक काढावं लागलं. बाकी सगळं शाबूत. डॉक्टर केरळचे होते, चांगले होते. त्यांना मी आवाजाचं सांगितलं. ते म्हणाले, थंडीत मेंदू असे खेळ करतो. गरम वाटणं, कपडे काढणं, माणसं दिसणं, सगळं त्यातच आलं.

मी म्हटलं, "सर, मानलं. पण मेंदूला बटण कुठे आहे ते कसं कळलं?"

म्हणाले, "कधीतरी नजरेत आलं असेल. तू विसरलास, मेंदू नाही विसरला."

असेलही. मी नाही म्हणत नाही. कंपनीच्या रिपोर्टमध्येसुद्धा तसंच लिहिलं, की कामगाराला बटणाची माहिती होती. मी सही केली. बऱ्या झालेल्या हाताने खोट्यावर सही केली. कारण नोकरी राहिली, कुणाला काढलं नाही, माझा इलाज केला, महिनाभर रजा दिली. मी उपकार विसरणारा नाही. पण झोप गेली ती गेली. डोळे मिटले की तोच अंधार, आणि मी कान लावून पडलेला. रूममधले म्हणायचे, "परशा, कसलं ऐकतोस?" मी कूस बदलायचो.

रजेत चंदगडला घरी आलो. पोरीला छातीशी धरून दोन दिवस नुसता बसून होतो. तिसऱ्या दिवशी गोव्यात जासिंताकडे गेलो. शाळा सोडल्यापासून भेट नाही. तिचा नवरा जहाजावर असतो. भट्टी आता तीच बघते, आणि रविवारी कपेलात लहान मुलांना प्रार्थना शिकवते. उंबऱ्यातूनच ओरडली,

"कोण? डबी? आरे सायबा! केदो मोटो जाला मरे तूं! दारांतल्यान वतलो मू भितर?" म्हणजे दारातून आत मावशील ना!

आवाज घोगरा झालाय. बाईमाणसाचा. मी मनाशी धरून गेलो होतो की तोच आवाज ऐकू येईल... नाही. तो आवाज ज्या मुलीचा होता ती मुलगी जासिंता जिवंत असूनही आता कुठेच नाही. हे मला तिच्या दारात उभं राहून कळलं.

चहा झाला, करंगळी बघून झाली. मी सगळं सांगितलं. फक्त जॅकेट ओढल्याचं सांगितलं नाही. का नाही, माहीत नाही. बहुतेक मलाच ते खरं वाटत नव्हतं, कुठेतरी अडकलं असेल म्हणून सोडून दिलं होतं.

तिने नीट ऐकलं. मग म्हणाली, "हांवें? तुका दिंबी घाल म्हण सांगलें? केन्नाच ना." कधीच नाही म्हणे.

"अगं रोज सांगायचीस. पहिल्या शुक्रवारी. डावीकडून."

"सांगून तुका कळटालें मरे? तूं मागीर परत डबी काडटलो. आनी कपेलांत उलयलें जाल्यार सिस्टर कान पिळटाली." ती हसत होती. "हांव उलयनासलें. हांव तुजें शर्ट ओडटालें. सकयल्यान. अशें, दोन फावटीं."

म्हणजे ती बोलायचीच नाही, नुसता शर्ट ओढायची. आणि तिने माझा शर्ट डाव्या बाजूने खालून धरून दोनदा ओढला.

मी कप खाली ठेवला. तिचं हसणं थांबलं. "कितें जालें रे?" म्हणाली. मी मग तेही सांगितलं. तिने कपाळाला, छातीला, दोन्ही खांद्यांना हात लावला. म्हणाली, चल पाद्रीकडे.

पाद्री नवीन आहेत, माझ्यापेक्षा लहान असतील. रविवारच्या मिसाला, म्हणजे चर्चमधल्या प्रार्थनेला, लोकांची नावं वाचतात, कुणाच्या आत्म्यासाठी, कुणी आभार मानायला. वही उघडून त्यांनी विचारलं, "तूं हिंदू मरे?"

"होय, पाद्री."

"कांयच ना. आभार कोणाचे मानायचे लिहू? सायबिणीचे, मेरी मातेचे? सांत आंतोनीचे?"

मी जासिंताकडे बघितलं. ती म्हणाली, "म्हजें बरय नाका हां. हांव थंय नासलें. हांव पाव भाजतालें." तिचं नाव लिहायला नको, ती तिथे नव्हतीच म्हणे.

सिस्टर ब्रिजेटचं नाव द्यावं असंही मनात आलं. त्या आहेत की नाहीत हेही कुणाला ठाऊक नाही. चौकशी केली, त्यांच्या मठातून एवढंच समजलं की खूप वर्षांपूर्वी दूर कुठेतरी बदली झाली. आणि आवाज त्यांचा नव्हताच. आमच्या देवाचं नाव द्यावं तर तो कोंकणीत कशाला बोलेल, आणि मला डबी कशाला म्हणेल?

पाद्री पेन धरून थांबले होते. शेवटी म्हणालो, "पाद्री, मला माहीत नाही."

त्यांनी मान हलवली आणि काहीतरी लिहिलं. रविवारी मी मागच्या बाकावर बसलो होतो. सगळी नावं झाल्यावर त्यांनी वाचलं, "आनी परशुराम... जाणें ताका आपयलो, ताका देव बरें करूं." ज्याने त्याला हाक मारली, त्याचं देव भलं करो. एक-दोघांनी वळून बघितलं. म्हातारी पेद्रू अजून आहे, नव्वदीची. तिने मला ओळखलंसुद्धा नाही, तरी हात जोडून मान डोलावली. इतकं रडू आलं की बाहेर जाऊन उभा राहिलो.

आता परत सोहारला आहे. चेंबरही तोच, चौथा. मूठ नवीन बसवली, बटणाचा दिवा पेटता केला, पुढे पॅलेट ठेवायला बंदी. प्रत्येक नवीन माणसाला मी स्वतः ते बटण दाखवतो, हात धरून दाबायला लावतो. ते विचारतात, तुला कसं कळलं? मी म्हणतो कंपनीने सांगितलं.

आणि एक गोष्ट करतो, ती इथे पहिल्यांदाच सांगतोय. कधीकधी काम संपल्यावर बशीरचाचांना विनवून दार लावायला आणि दिवा घालवायला सांगतो. फक्त दोन मिनिटं. ते चिडतात. "डॉक्टर को दिखा, बेटा," म्हणतात, पण करतात. मी जॅकेटची चेन गळ्यापर्यंत ओढून, बटणावर हात ठेवून उभा राहतो. मोठ्याने देव बरें करूं म्हणतो. मग कान लावतो. घरघर, घरघर... पंखे. बाकी काही नाही. पाचदा-सहादा केलं असेल. एकदाही काही आलं नाही. आणि मला भीती कशाची वाटते सांगू? त्या आवाजाची नाही. पुन्हा कधी आत अडकलो आणि तो आलाच नाही तर, याची.

स्पष्टीकरण माझ्याकडे नाही. डॉक्टरांचं अर्धं पटतं. बटण नजरेत आलं असेल, शब्द लहानपणचा असेल, थंडीने दोन्ही एकत्र आणले असतील. पण ओढणं मी विसरलेलो होतो, ते जासिंताला आठवत होतं, मला नव्हे. माझ्या मेंदूत नव्हतं ते माझ्या अंगाला कसं कळलं? कुणाला काही ठाऊक असेल तर खाली लिहा, हसून लिहिलं तरी चालेल.

लेक आता फोनवर सारखी विचारते, "बाबा, तुझं बोट कुणी खाल्लं?" मी म्हणतो थंडीने खाल्लं. ती म्हणते, "मग तुला कसं सोडलं?"

तिथे मी तिला तिच्या आईकडे फोन दे म्हणतो.